टिपूस न्हाई

डोळ्यांत पाणी नाही म्हणजे काळीज दगडाचं, हे ज्यानं कुणी ठरवलं, त्याच्या डोळ्यांत एक दिवस माझ्या कोरड्या डोळ्यांत खुपते ती वाळू घालायला पाहिजे होती. मग बघितलं असतं कसा रडतो ते!

लहानपणी मला खुपऱ्या झाल्या. पापण्या आतून खरबरीत व्हायच्या, चिकटायच्या. खुपऱ्या गेल्या, पण डोळ्यांतलं पाणी घेऊन गेल्या. जिंतूरच्या बाजारात बसणाऱ्या हकीमानं सुरमा दिला, त्यानं आणखी आग झाली. सासरी गेले तर सासूनं कांद्याचा रस पिळला. ज्याच्या हाताला जे लागेल ते माझ्या डोळ्यांत. निजामाच्या राज्यात परवाने सगळ्याला लागायचे, पण माझ्या डोळ्यांत बोट घालायला कुणाला परवाना लागला नाही.

उतार पडायचा तो एका मायच्याच हातानं. जुन्या लुगड्याची मऊ चिंधी कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची, मिटल्या डोळ्यांवर ठेवायची. थंड झाली की पुन्हा. "चोळू नको पोरी. शेक घे, न् हळूहळू उघडझाप कर." बस्स, एवढंच. सासरी एवढंसं पाणी तापवायचं म्हटलं तरी सासू म्हणायची, "राणीसरकारचे डोळे शेकायचेत, सरा गं बाजूला!" आणि फुंकणी माझ्याच हातात द्यायची.

माय गेल्याचा सांगावा आला तेव्हा ऐन उन्हाळा होता. बैलगाडीतून माहेरी चारठाण्याला पोचेपर्यंत रस्त्याची धूळ डोळ्यांत बसली. पापण्या अशा आवळल्या की उघडेनात. मायचं तोंड शेवटचं बघायला आले, आणि दिसेना!

दारातच बाया गळ्यात पडल्या. रीतच ती. प्रत्येकीच्या गळ्यात पडायचं, हेल काढून रडायचं. मी "माय गं!" म्हणून ओरडले, छाती फुटायची राहिली, पण डोळे कोरडे. पाठीमागे कुजबुज ऐकू आली, "बघ की, टिपूस न्हाई. पोटची लेक हाय का कोण?"

भावजयीनं हाताला धरून मला गोठ्याकडं नेलं आणि चिरलेला कांदा हातात कोंबला. "लावा जरा वन्सं. लोक काय म्हणायलेत, ऐकू येत न्हाई का?"

माझं डोकं फिरलं. तो कांदा मी गोठ्यात भिरकावला. चाचपडत अंगणात आले. तिथं तीन दगडांवर मायच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. त्यातून तांब्याभर घेतलं आणि वलणीवरचं तिचं जुनं लुगडं ओढून टरकन चिंधी फाडली.

भावजय किंचाळली, "अवो, ते मयताचं पाणी हाय!"

"माझ्या मायचं हाय," मी म्हटलं. "कुणाच्या बापाचं न्हाई."

अंगणातच निजवलेल्या मायच्या उशाशी बसून मी डोळ्यांवर शेक घेतला. एकदा, पुन्हा एकदा. चिंधीतलं पाणी गालांवरून हनुवटीवर आलं. लगेच शेजारची म्हातारी मला कवटाळून म्हणाली, "रडली गं बाई एकदाची! मोकळी झाली."

संताप संताप झाला. "रडले न्हाई मी!" मी तिचे हात झिडकारले. "शेक घ्यायलेय. हिनंच शिकवलाय." म्हातारी मागं सरली. सरू दे. त्यांना माझे डोळे ओले पाहिजे होते. मला ते उघडायचे होते.

हळूहळू उघडझाप केली. पापण्या सुटल्या. माय दिसली. कपाळभर कुंकू, सुकलेले ओठ. आणि चुलाण्यावरची राख उडून तिच्या मिटल्या पापणीवर बसलेली. मी ओल्या चिंधीनं ती टिपली. एवढ्या बाया सकाळपासून डोळे गाळत बसल्या होत्या, एकीलाही ती दिसली नव्हती.