पंपातली पोकळी आणि माझा मेहुणा

जगात जे काही घडायचं आहे, ते आधी कॉम्प्युटरवर घडवून पाहिल्याखेरीज माझा मेहुणा त्याला घडू देत नाही. आमच्याकडे आला की माझी बायको, म्हणजे त्याची आक्का, चहा पुढे ठेवते आणि हा पिशवीतून लॅपटॉप काढतो. कपाची जाडी, पंख्याचा वारा, वरची साय असं सगळं भरून तो पडद्यावर चहा गार करायला बसतो. लाल कप पिवळा होतो, पिवळा निळा होतो, आणि गणित सुटेपर्यंत टेबलावरचा खरा चहाही थंडगार. "बघा दाजी, म्हणलं हुतं का न्हाय, गार हुणार!" "आरं, मग जेवण बी त्यातच शिजव की," म्हणत आक्का तोच चहा पुन्हा गॅसवर चढवते. पुतणीच्या लग्नात तर त्याने पंगतीची गर्दी आधीच चालवून पाहिली आणि माणसं कुठल्या दारात तुंबणार ते छातीठोक सांगितलं. तुंबली, अगदी त्याच दारात. कारण हाच तिथे लॅपटॉप उघडून उभा होता आणि गडहिंग्लजचं अख्खं वऱ्हाड पडद्यावर आपापला ठिपका शोधत होतं. "पावणं, ह्यात मी कुठला?" "त्यो रश्श्याकडं सुटलाय, त्यो."

लोक हसतात. मीही हसतो, पण मला तो हक्क नाही. उद्यमनगरात, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, त्याला 'पोकळी पावणं' म्हणतात, ते माझ्यामुळे. तेव्हा माझा ओतकामाचा कारखाना होता आणि हा आमची कामं भट्टी पेटण्याआधी कॉम्प्युटरवर ओतून बघायचा. लोखंडाचा रस थिजताना आकसतो; आत पोकळी राहू नये म्हणून साच्यावर जादा रसाचा एक खांब ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. एका पंपासाठी त्याने सांगितलेला रायझर मला फारच उंच वाटला. "एवढा रस काय जोतिबाला वाहायचाय?" म्हणत मी तो परस्पर आखूड करायला लावला. पंप गिऱ्हाइकाच्या लेथवर चढला आणि पोटात ही एवढी पोकळी निघाली. चार लोकांत मी म्हणालो, "कॉम्प्युटर चुकला." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. पुढे त्याला कुणी काम देईना. लोखंड सुटलं, तेव्हा तो चहाकडे वळला.

परवा तो आला, तेव्हा धीर करून सांगून टाकलं. "तो रायझर मी कापायला लावला होता."

"ठावं हाय की."

"मग बोलला का नाहीस?"

"आक्काच्या घरात भांडण लावू व्हय?" मग तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "पर दाजी, कापला किती हुता? तेवढंच कळंना बघा मला."

मी टेबलावर वीत पसरून दाखवली. त्याने ती पट्टीने मोजली आणि घाईघाईने लॅपटॉपमधल्या त्या पंपात आकडा भरला. रस लाल झाला, पिवळा झाला, निळा झाला, आणि पंपाच्या पोटात बरोबर त्या जागी पोकळीचा पांढरा डाग उमटला. त्याचा चेहरा असा काही उजळला की मला वर बघवेना.

"उद्या उद्यमनगरात येतो तुझ्याबरोबर. सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो.

"त्यातली निम्मी आता हायत कुठं, दाजी?" त्याने लॅपटॉप मिटला आणि कप माझ्याकडे सरकवला. "च्या घ्या. गार हुतोय."

पहिल्यांदाच त्याने हे गणित न करता सांगितलं.