प्रूफवाल्या काकांच्या मुलाची कादंबरी

आमच्या छापखान्यातले प्रूफवाले काका एकतीस वर्षं एकच तोरा मिरवत आले: "मी पुस्तक वाचत नाही, तपासतो." बायबलसुद्धा त्यांनी चार वेळा तपासलं, तेही कोरडेपणानं. त्यामुळे मालकांनी काकांच्याच मुलाची कादंबरी त्यांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा शेजारी पानं लावणाऱ्या मला वाटलं, निभावतील. कसलं काय!

मुलाचाच निरोप होता, प्रूफं बाबांनी तपासावीत. सात वर्षं तो बापाशी अवाक्षर बोलला नव्हता, आणि आता एकदम दोनशे पानं. समेटाची हीच काय ती संधी, हे काकांना कळत होतं. तरी पहिल्या पानापासून चिडचिड. कादंबरीतला बाप बायबलातल्या अब्राहामासारखा, देवानं सांगितलं म्हणून, मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेतो.

"लाकडं मुलाच्या पाठीवर असतात, सुरी बापाच्या हातात. यानं उलटं लिहिलंय! मूळ पुस्तक उघडायचे कष्ट नकोत."

"काका, कादंबरी आहे ती," मी म्हणाले.

"मग बायबलचा आव कशाला? आणि मुलाऐवजी बळी जाणारा हा मेंढा! झुडपात शिंगं अडकलेली असतात त्याची. इथे आपला मजेत चरतोय."

काका काय टाळत होते, ते मला ठाऊक होतं. मुलगा व्हायोलिन वाजवायचा. ऐन परीक्षेच्या आठवड्यात छापखान्यात मोठं काम आलं, कटिंगवाला आजारी पडला, आणि मालकांना दिलेला शब्द मोडू नये म्हणून काकांनी पोराला कागद कापायच्या मशीनवर उभं केलं. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताची दोन बोटं गेली. काका शेजारीच उभे राहून घाई करत होते. मला तेव्हाही त्यांचा राग आला, आजही येतो. मालक म्हणजे काय देव होता?

पानं छपाईला जायच्या दिवशी काका एका पानावर तासभर अडले. मी डोकावले. बाप सुरी उचलतो, आकाशातून हाक येते, हात थांबतो, आणि बापलेक गप्पा मारत डोंगर उतरतात.

"बायबलात उतरताना मुलाचा उल्लेखच नाही," काका म्हणाले. "चारही वेळा मी शंका काढली होती. आणि हा बघ! पानात एक चूक नाही, अनुस्वारसुद्धा जागच्या जागी, आणि सगळं साफ खोटं. मला वाचवलंय त्यानं. कुणी सांगितलं होतं?"

"जाऊ द्या ना तसंच. लोकांना काय कळतंय?"

"त्याला कळतं ना!" ते माझ्यावर खेकसले.

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि लेखकासाठी शंका लिहितात तिथे, समासात लिहिलं: 'हाक आली नव्हती. मी शेजारीच होतो. ती मीच मारायला हवी होती.'

गठ्ठा काखेत मारून ते मुलाच्या घरी निघाले. मालक केबिनमधून ओरडले, "काका, पानं आत्ता मशीनला जायचीत!"

काका थांबले नाहीत.