खळग्यातल्या बारा काठ्या

वारा पहाडावरचा बर्फ उचलतो आणि नेऊन एखाद्या खळग्यात लोटतो. आमच्या कंपूतले किस्सेही असेच भिकूपाशी येऊन साचलेत. बिचाऱ्याला काही करायचं नसतं, पण होतं सगळं त्याच्याच हातून!

लढाईचे दिवस. दहिवलीचा भिकू, खालापूरचा रामजी आणि कळंबचा मी, सर्व्हेच्या साहेबाबरोबर खलाशी म्हणून, म्हणजे सामान वाहणारे गडी म्हणून, थेट हिमालयात गेलो. काम काय, तर डोंगरभर काठ्या रोवून बर्फाची खोली मोजायची. त्यावरून साहेब सांगणार, उन्हाळ्यात नदीला पाणी किती येईल.

*

पहिला बर्फ दिसला आणि रामजीनं चिखलणीला उतरावं तसे बूट काढले. एक पाऊल टाकलं, मुकाट्यानं परत बूट चढवले.

"जमीन चांगली हाय," म्हणाला, "पण आपल्याच्यानं कसायची नाय."

*

वारा लागू नये म्हणून तंबू खळग्यात ठोकला. सकाळी डोळे उघडले तर आत निळा उजेड, आवाज कसला तो नाही. मला वाटलं, मेलो, आणि बरंच झालं!

साहेबानं फावड्यानं उकरून काढलं. डोंगराची धार कोरडी खडखडीत, तिथला सगळा बर्फ आमच्या अंगावर.

*

एवढं होऊनही भिकूनं बाराच्या बारा काठ्या त्याच खळग्यात रोवल्या! आमच्याकडे भाताचं खाचर तेवढं धरायचं, वरचा वरकस माळ कोण मोजतंय? बर्फ भरला छातीभर. साहेब खूश.

खालच्या गावातली एक म्हातारी आम्हाला मिठाचा चहा पाजायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, भाताला पाणी पुरेल का? भिकू म्हणाला, बिनघोर पेर. तिनं घरातलं होतं नव्हतं ते बी पेरलं.

*

मे महिन्यात साहेब स्वतः धारेवर चढला. नुसते दगड! यंदा नदी आटणार, म्हणाला, आणि भिकूला असा काही झापला की विचारू नका.

त्याचं भिकूला काही वाटलं नाही. पण दोन दिवस तो जेवला नाही.

"म्हातारीचं सगळं बी माझ्या शब्दावर जमिनीत हाय रं," एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

*

जूनमध्ये नदी खरंच आटली. पलीकडची शेतं भेगाळली. भिकू मावशीची माफी मागायला निघाला, सोबत मी.

तो हात जोडून उभा राहिला. मावशीनं त्याचा हात धरला आणि आपल्या पाटाच्या कडेकडेनं वर चालवत नेलं. पाट भरून वाहत होता. जिथून निघत होता तिथं पोचलो, तर आमचाच खळगा! अजून कमरेएवढा बर्फ, खालून झुळझुळ पाणी.

भिकू सवयीनं काठ्या मोजायला लागला. परत मोजल्या.

आम्ही बारा रोवल्या होत्या. तिथं तेरा होत्या. तेरावी बर्फ उतरल्यावर वर आलेली, जुनी, करडी, अंगभर खाचा पाडलेली.

मावशीनं एका खाचेवर बोट ठेवलं, मग तेच बोट भरल्या पाटाकडे केलं आणि भिकूकडे बघून हसली.