न वाचता दिलेला अंगठा

विनय गेल्याचा मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि सवयीने त्याला अंगठा देऊन मोकळी झाले. वाचला अर्ध्या तासाने. सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये हार्ट अटॅक... आणि त्याखाली माझा पिवळाधमक अंगठा. घाईघाईने काढला, पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितलाच असणार. सहा आठवडे झाले, लाज काही जात नाही. कारण हे मी त्याच्याशी दुसऱ्यांदा केलं होतं.

नागपूरला स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. मी अमेरिकेत नेपरव्हिलला येऊन आयटीत रुळले. हा पठ्ठ्या पश्चिमेकडच्या एका डोंगराळ राज्यात वन्यजीव खात्यात लागला. तिथे माउंटन लायनची, म्हणजे मार्जारकुळातल्या त्या भुऱ्या, दांडग्या जनावराची, परवान्याने शिकार चालते. कुठल्या भागात किती मारायचे, त्यात माद्या किती, हे विनय ठरवायचा. माद्यांची मर्यादा भरली की तिथली शिकार बंद. "आईला सांगितलंय, वाघ मोजतो म्हणून. कशासाठी, ते नाही सांगितलं," म्हणून हसायचा. मी त्याला खाटीक म्हणून चिडवायचे. एकदाच भडकला. "अगं, बंदी घातली तर लपून मारतील, मोकळं सोडलं तर संपवतील. मोजलं तरच टिकतील. माझा आकडा चुकला ना, तर मी खरंच खाटीक."

मारलेलं प्रत्येक जनावर खात्याला दाखवावं लागतं. वय कळावं म्हणून त्याचा एक दात काढून खाकी पाकिटात घालतात. पाकिटावर तीन चौकोन: नर, मादी, नक्की नाही. 'नक्की नाही' ती मादीच धरायची, हा विनयचा नियम. जुन्या छपाईची बाद पाकिटं त्याच्या घरभर असायची. त्याची बायको मंजिरी त्यांत मेथीदाणे भरून मला पाठवायची.

चार वर्षांपूर्वी त्याने मोजणीचा प्रोग्रॅम नव्याने लिहिला आणि त्या फाईलची ऑनलाइन लिंक मला पाठवली. "इथे हे कळणारं दुसरं कोणी नाही यार. नीट बघ." त्या वीकेंडला आमच्या मंडळाच्या नाटकाच्या तालमी होत्या. रविवारी "बघितलं, परफेक्ट" लिहून अंगठा टाकला. फाईल उघडलीसुद्धा नव्हती. विनयचं काय चुकणार, अशी मीच माझी समजूत घातली होती.

चुकलं होतं. 'नक्की नाही' वाली जनावरं प्रोग्रॅमने माद्यांत धरलीच नव्हती, म्हणून मर्यादा भरूनही शिकार चालू राहिली. त्याला कळलं ते टेबलावर पाकिटं मांडून हाताने मोजताना. तोवर तीन माद्या जास्त गेल्या होत्या. एकीच्या आचळांत दूध होतं.

जाहीर सभेत शिकारी आणि प्राणिप्रेमी, दोघांनीही त्याला सोलून काढलं. चूक माझी, पुढच्या वर्षीचा आकडा कमी करतो, एवढंच तो म्हणाला. माझं नाव घेतलं नाही. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"तू बघितलं होतंस ना?"

"हो रे. माझ्याही नजरेतून सुटलं."

"बरं. अजून काही?"

फोन ठेवण्याआधी हे तो नेहमीच विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता ठेवून द्यायचा. त्या दिवशी थांबला... "नाही रे, काही नाही," मी म्हणाले. त्यानंतर प्रत्येक फोनला तो तसाच थांबायचा, आणि मी प्रत्येक वेळी तेच म्हणायचे. किती भेकड असावं माणसाने!

गेल्या महिन्यात मंजिरीला भेटायला गेले, तेव्हा तिच्यासमोर सगळं ओकले. ती शांतपणे म्हणाली, "त्याला माहीत होतं गं. फाईल कोणी उघडली ते दिसतं ना त्यात. मी म्हटलं, सरळ विचार तिला. तर म्हणे, सांगेल ती स्वतःहून." निघताना तिने मेथीदाण्यांचं एक पाकीट हातात ठेवलं.

ते आता माझ्या ओट्यावर आहे, तीन रिकाम्या चौकोनांसकट. परवा फोडणीसाठी दाणे काढताना मी एकदाची मोठ्याने बोलले, "आहे रे, सांगायचंय. मी फाईल उघडलीच नव्हती."

बाहेरून मुलीने विचारलं, "मॉम, हू आर यू टॉकिंग टू?"

"कोणी नाही गं," मी म्हणाले.