यज्ञासनावरून न उठवलेली शिक्षिका

“शास्त्रीबुवा, शिकवायलाच मिळत नाही, महिनाअखेरीस नोकरी सोडते,” असे गावच्या शाळेतील वैशालीबाई काल म्हणाल्या होत्या. आज देवदर्शनाहून परतताना मी वर्गाच्या खिडकीशी थबकलो. बाई चेंडू धरून सूर्यग्रहण शिकवीत होत्या, तोच फोन वाजला. वरच्या कार्यालयाला मुलांच्या दुपारच्या खिचडीचा फोटो तातडीने हवा होता. मुख्याध्यापिका आत आल्या आणि फोनच घेऊन गेल्या. “खिचडी मी पाठवते, तुम्ही सूर्याला अर्ध्यात सोडू नका!”

वर्ग खळखळून हसला आणि माझे अंतःकरण उचंबळून आले. अहो, यज्ञाला बसलेल्याला मध्येच उठवू नये, हे शास्त्र आम्ही देवळात पाळतो. मग शाळेत का नाही?

“बाई, चंद्रग्रहण कधी शिकवणार?” एका मुलीने विचारले.

“पुढच्या महिन्यात,” बाई सहज म्हणाल्या, आणि स्वतःच हसू लागल्या.