सेन्सेईंची फुलं आणि आईचे देव

जपानमध्ये, सेंदाईत, एप्रिलमध्ये नदीकाठी डॅफोडिलची पिवळी फुलं फुलतात आणि लोक ती बघून पुढे जातात. पुण्याहून आमच्याकडे आलेल्या माझ्या आईला हे पटेना. तिकडे सकाळच्या फिरण्यात तिच्या हातात पिशवी असते, लोकांच्या कुंपणाबाहेर डोकावणाऱ्या फुलांसाठी. इथे मी तिचा हात धरून चालायचो. येणारेजाणारे कौतुकाने बघायचे. त्यांना वाटे, मातृप्रेम.

त्याच आठवड्यात बायकोची इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, पहिल्यांदाच प्रदर्शनात मांडली जाणार होती. वर्षभर ती याचीच वाट बघत होती. डॅफोडिलची रीत अशी: बुडाशी पानं आणि दांडा एकत्र धरणारं पांढरं वेष्टन अलगद उतरवायचं, पानं सुटी करायची, बोटांनी नीट करायची आणि सगळं परत त्याच वेष्टनात बसवायचं. शेवटी ते झाडावर दिसत होतं तसंच दिसलं पाहिजे. "मग आधीच तसं का नाही ठेवत?" असं मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर तिने मला काही समजावणं बंद केलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बायको अंघोळीला गेली आणि रचनेसाठी आणलेल्या डॅफोडिलची गॅलरीतली बादली आईला दिसली. बायको बाहेर आली तेव्हा बादलीत नुसते दांडे आणि पानं होती आणि पुस्तकांच्या कपाटातला देव्हारा पिवळाधमक झाला होता. बाळकृष्ण एका फुलाखाली पूर्ण गडप.

"आई, तुम्ही सगळी खुडलीत?"

"अगं, मग देठासकट वाहू का?"

"माझं प्रदर्शन आहे आज!"

"मग ने ना बादली. पानं किती टवटवीत आहेत बघ."

देवांकडून दोनचार परत घ्यावीत, असं मी सुचवलं. आईने धर्माच्या दृष्टीने आणि बायकोने देठांच्या दृष्टीने मला मूर्ख ठरवलं. शेवटी बादलीत एक कळी सापडली. कळ्या वाहत नाहीत म्हणून आईने ती सोडली होती. बायकोने ती कळी आणि पानं एवढ्यावरच रचना केली.

आईला घेऊन आम्ही सभागृहात पोहोचलो. तिथे सेन्सेई, म्हणजे बायकोच्या गुरुबाई, एखाद्या मंत्र्यासारख्या घोळक्यासह आल्या. बायकोच्या फुलदाणीसमोर थांबल्या. घोळकाही थांबला, आणि त्याने गंभीर चेहरे केले.

"फुलं कुठे आहेत?"

बायकोला खोटं बोलता येत नाही, जपानीत तर मुळीच नाही. "सासूबाईंनी देवाला वाहिली."

सेन्सेईंनी बराच विचार केला. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण हे डावं पान वाकलंय." ते त्यांनी केसभर सरळ केलं आणि पुढे गेल्या. घोळक्याने सुटकेचा श्वास टाकला. बायकोने सर्वांत मोठा.

दुपारी हीटरच्या उबेने कळी उमलू लागली. बायकोने आधी कळीकडे बघितलं, मग आईकडे, आणि दोघींच्या मधे जाऊन उभी राहिली. प्रदर्शन संपेपर्यंत ती चहालाही हलली नाही.

"नुसती बघतेय गं मी," आई म्हणत होती.

"तिथूनच बघा, आई."