चर्चेबाहेरची खोली

सुभद्रा घाडी परळच्या एका सरकारी इस्पितळात आया आहे. तोंडाने फटकळ. लालबागच्या चाळीत तिच्याशी भांडायला सहसा कुणी धजत नाही.

इतरांना जे हातात धरवत नाही ते उचलायचं, हे आयांचं काम. त्याच साडीत घरी जाऊन पोरांना जेवायला वाढवत नाही, म्हणून साडी बदलायला बायकांना एक खोली होती. ती कुणी प्रेमाने दिलेली नव्हती. युनियनने साहेबांच्या दारात ठिय्या देऊन मिळवली होती, आणि ठिय्यात सुभद्रा सगळ्यांत पुढे होती.

मग सरकारला कामगारांचा कळवळा आला आणि त्याने कायदा केला. युनियनने यापुढे फक्त पगारावर बोलायचं; ड्यूटी, बदली, जागा हे विषय चर्चेबाहेर. आवारात विनापरवाना सभा घेतली तर कारवाई. आझाद मैदानावर मोर्चा गेला, घसे बसले, शिष्टमंडळाने निवेदन दिलं आणि सरकारने ते सहानुभूतीपूर्वक स्वीकारलं. म्हणजे ते पुढे कुठे गेलं हे विचारायचं नाही.

कायद्याचं पहिलं फळ आयांच्या पदरात पडलं. खोलीला कुलूप लागलं आणि दारावर पाटी आली, 'कर्मचारी तणावमुक्ती कक्ष'. उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख मिळेपर्यंत तणावमुक्त व्हायची कुणाला मुभा नव्हती. बायका जिन्याखाली एकमेकींच्या आडोशाने साड्या बदलू लागल्या. नवीन लागलेली बेबी तशी उभी असताना पेशंटचे चार नातेवाईक जिना उतरून आले. बेबी रडत घरी गेली आणि सुभद्राच्या अंगाची लाही लाही झाली.

संक्रांतीनंतर तिने त्या कुलपासमोरच सतरंजी घातली. सभेला बंदी होती, हळदीकुंकवाला नव्हती. कायदा करणाऱ्यांच्या घरीही बायका असतात, तेवढी त्यांची छाती झाली नसावी. सुभद्राचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. या दिवसांत चाळीत तिला कुणी बोलावत नाही. इथे बेबीने पहिलं कुंकू तिलाच लावलं. तिला ते फार बरं वाटलं.

गर्दी बघून प्रशासनाच्या दीपिका मॅडम तरातरा आल्या.

"ही सभा आहे का?"

"नाय हो मॅडम, हळदीकुंकू," सुभद्रा म्हणाली. "बसा ना, सवाष्णीने असं उभ्या उभ्या जाऊ नये."

कुलूप लावणं मॅडमना जमतं. पुढे आलेलं कुंकवाचं बोट मागे सारणं काही जमत नाही. त्या बसल्या. अत्तर लावून घेतलं, सगळ्यांच्या मधोमध फोटो काढून घेतला आणि 'आपली संस्कृती, आपला अभिमान' म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलाही.

"आता गोड बोला हं," तिळगूळ घेताना त्या म्हणाल्या.

"बोललो असतो मॅडम, पण आम्हाला फक्त पगारावर बोलायची परवानगी आहे."

संध्याकाळी वरून विचारणा आली. बंदी असताना सभा कशी भरली, आणि मधोमध अधिकारी कशा? फोटोत मॅडमच्या डोक्यामागे कुलूप आणि पाटी दोन्ही झळकत होती. सभा कसली, बायका आपल्या नेहमीच्या साडी बदलायच्या खोलीपाशी हळदीकुंकू करत होत्या, असा खुलासा मॅडमनी घाईघाईने पाठवला. तो खरा दिसावा म्हणून दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं, पाटीही उतरली.

त्याच आठवड्यात सुभद्राची शीवच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात बदली झाली. कारण प्रशासकीय. बदलीवर तर बोलायचंच नव्हतं.

तिथे आयांना खोली नव्हती. पहिल्या दिवशीची ड्यूटी संपल्यावर ती पिशवी घेऊन पॅसेजच्या टोकाला उभी राहिली, तेव्हा दोन अनोळखी बायका चादर घेऊन आल्या आणि तिच्याकडे पाठ करून ती धरून उभ्या राहिल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. परळ सोडताना न रडलेली सुभद्रा त्या चादरीआड ढसाढसा रडली. मग निऱ्या खोचता खोचता तिने विचारलं, "तुमच्याकडे युनियनचं कोण बघता गो?"

"कोणच नाय."

"बरं," सुभद्रा म्हणाली. "साहेब कुठे बसतात तुमचे?"